‘घोर निष्काळजीपणा आढळून येत नाही’ या अहवालानंतरही मिळालेली भरपाई : आईच्या तक्रारीचा अनुभव

ऑगस्ट २०२१ मध्ये सातारा जिल्ह्यातील एका खाजगी रुग्णालयात माझ्या आईचे गर्भाशय काढण्याचे ऑपरेशन झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाने तिच्या तक्रारीवर तिच्या बाजूने निकाल दिला. मधल्या काळात पोलीस ठाणे, जिल्हा रुग्णालय, वकिलांचे कार्यालय आणि आयोग अशा अनेक ठिकाणी आम्हाला जावे लागले. बहुतेक ठिकाणी आम्हाला उत्तरे मिळाली, परंतु ती उत्तरे नेमक्या कोणत्या प्रश्नाची आहेत हे समजायला फार वेळ लागला. रुग्णालयाचे आणि डॉक्टरांचे नाव मी लिहीत नाही, कारण निकालातील रक्कम त्यांनी भरली आहे आणि माझा उद्देश त्यांच्याविषयी लिहिण्याचा नाही. अशा प्रसंगातून जाणाऱ्या कुटुंबाला पहिल्या महिन्यातच जे कळायला हवे, ते सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

ऑपरेशननंतर आईला अधूनमधून ताप येत असे आणि पोटाच्या डाव्या बाजूला सतत दुखत असे. टाके भरून येताना असे होते, गॅसेसही असू शकतात, असे आम्हाला प्रत्येक तपासणीत सांगितले गेले आणि गोळ्या बदलून दिल्या गेल्या. दिवाळीपर्यंत तिचे वजन इतके उतरले की शेजारच्या काकू तिला पाहून घाबरल्या. जानेवारी २०२२ मध्ये आम्ही तिला पुण्याला नेले. तिथे आधी साधा एक्स-रे आणि मग सीटी स्कॅन झाला. सर्जननी एक्स-रेची फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली आणि पेनाच्या टोकाने एक बारीक, वळणावळणाची, हाडापेक्षाही ठळक पांढरी रेघ दाखवली. ऑपरेशनमध्ये रक्त टिपण्यासाठी जे कापडी मॉप वापरतात, त्यांत एक्स-रेमध्ये दिसेल असा धागा मुद्दाम विणलेला असतो, म्हणजे एखादा मॉप आत राहिल्याची शंका आली तर तो शोधता यावा. ती रेघ त्याच धाग्याची होती. त्याच आठवड्यात दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि आतड्याचा मॉपला चिकटलेला लहानसा भागही काढावा लागला. त्या रुग्णालयाचे बिल २ लाख १० हजार रुपये झाले. त्यासाठी मामांनी त्यांची मुदत ठेव मोडली.

दुसरी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननी एक गोष्ट आपणहून केली आणि पुढे तीच आमच्या सर्वात उपयोगी पडली. बाहेर काढलेला मॉप त्यांनी मोजपट्टीशेजारी ठेवून त्याचा फोटो काढला, तो पॅथॉलॉजीकडे पाठवला आणि ऑपरेशन नोटमध्ये त्याचे वर्णन व माप लिहिले. पहिल्या डॉक्टरांची चूक आहे असे लिहून द्यायला त्यांनी नम्रपणे नकार दिला. तेव्हा मला त्याचे वाईट वाटले. मात्र नंतर वकिलांनी सांगितले की दोष कोणाचा हे त्यांनी लिहिण्याची गरजच नाही, त्यांनी काय पाहिले आणि काय बाहेर काढले एवढे स्वच्छ लिहिलेले असले की पुरे. कोणाच्या घरी असा प्रसंग आला तर डिस्चार्ज घेण्यापूर्वी या तीन गोष्टी कागदावर आल्या आहेत ना, ते अवश्य पाहावे.

फेब्रुवारीत पहिल्या रुग्णालयाकडे संपूर्ण केस पेपर मागणारा अर्ज दिला. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचरणविषयक नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने नोंदी मागितल्या तर त्या ७२ तासांत द्याव्या लागतात आणि डॉक्टरांनी त्या उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपून ठेवाव्या लागतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली होती. तीन दिवसांत कागद मिळाले नाहीत तेव्हा त्याच पोचेची प्रत जोडून पोचपावतीसह रजिस्टर पत्र पाठवले आणि मार्चच्या सुरुवातीला कागद हातात आले. त्यांत ऑपरेशन थिएटरचा एक छापील फॉर्म होता. मॉप आणि उपकरणांच्या मोजणीसाठी त्यावर दोन रकाने होते, एक ऑपरेशनपूर्वीचा आणि एक टाके घालण्यापूर्वीचा. पहिल्या रकान्यात निळ्या शाईत १० हा आकडा होता. दुसरा रकाना कोरा होता आणि त्याच्याखाली सही होती. मी ते पान किती वेळ पाहत बसले होते ते मला सांगता येणार नाही.

मामांचा आग्रह पोलीस ठाण्यात जाण्याचा होता आणि आम्हा सगळ्यांनाच ते योग्य वाटले. माणसाच्या पोटात कापड राहते, याहून मोठा निष्काळजीपणा कोणता, असेच आमच्या मनात होते. मार्च २०२२ मध्ये आम्ही लेखी तक्रार दिली. तपास अधिकाऱ्यांनी आईचा जबाब नोंदवला आणि सांगितले, “ताई, डॉक्टरांवर थेट गुन्हा दाखल करता येत नाही. तज्ज्ञ समितीचा अहवाल येऊ द्या, मग पुढचे बघू.” त्या वेळी ही टाळाटाळ आहे असे आम्हाला वाटले, परंतु तसे नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑगस्ट २००५ रोजी जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात जो निकाल दिला, त्याला धरूनच पोलीस वागत होते. डॉक्टरवर कारवाई करण्यापूर्वी तपास अधिकाऱ्याने त्या शाखेतील निष्पक्ष तज्ज्ञाचे, शक्यतो सरकारी सेवेतील डॉक्टरचे मत घ्यावे आणि डॉक्टरला सरसकट अटक करू नये, असे त्या निकालात स्पष्ट म्हटले आहे. गंभीर रुग्णाला हात लावताना डॉक्टरच्या मनात तुरुंगाची भीती असू नये, हा त्यामागचा विचार आहे. आईची मुलगी म्हणून मला तो तेव्हा पटणे कठीण होते, आज मात्र पटतो.

जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अध्यक्षतेखालील समितीने जुलैमध्ये आम्हाला बोलावले, कागद पाहिले, आईला काही प्रश्न विचारले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये पोलिसांचे पत्र आले. समितीच्या अहवालानुसार संबंधित डॉक्टरांकडून ‘घोर निष्काळजीपणा आढळून येत नाही’, सबब गुन्हा दाखल करता येत नाही, असे त्यात लिहिले होते. आईने ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि विचारले, “म्हणजे त्यांचे काही चुकलेच नव्हते का गं?” माझ्याकडे उत्तर नव्हते. अनेक कुटुंबे याच पत्रावर थांबतात. आम्हीही थांबण्याच्या बेतात होतो.

पुढच्या आठवड्यात एका मैत्रिणीच्या ओळखीने साताऱ्यातील ज्या वकीलबाईंकडे गेलो, त्यांनी पत्र वाचून पहिले वाक्य उच्चारले ते असे : “हे पत्र तुमच्या विरोधात नाही, हे वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे.” त्यांनी त्या दिवशी जे समजावले ते माझ्या शब्दांत मांडते. उपचारात वाईट परिणाम झाला म्हणजे निष्काळजीपणा झालाच असे कायदा मानत नाही. दोन मान्य उपचारांपैकी डॉक्टरने एक निवडला आणि तो लागू पडला नाही, किंवा निर्णय घेताना अंदाज चुकला, तर तेवढ्याने जबाबदारी येत नाही. त्या शाखेतील सर्वसाधारण कौशल्याचा डॉक्टर जी काळजी घेतो ती घेतली होती का, हा निकष आहे. तो १९५७ च्या एका इंग्लिश खटल्यातून, बोलम निकष या नावाने, आपल्या न्यायालयांत आला आहे. ती काळजी घेतली नसेल आणि त्यामुळे इजा झाली असेल तर तो निष्काळजीपणा ठरतो आणि रुग्णाला भरपाई मागता येते. परंतु त्याच कृत्यासाठी शिक्षा मागायची असेल तर तेवढे पुरत नाही. तिथे निष्काळजीपणा घोर, म्हणजे फार वरच्या दर्जाचा असावा लागतो. शुद्धीवर असलेल्या आणि साधा सारासार विचार करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरने जे केले नसते असे काही केलेले असावे लागते, किंवा ज्यातून इजा होणे जवळजवळ अटळ होते असा धोका पत्करलेला असावा लागतो. हयगयीने मृत्यू घडवण्याच्या गुन्ह्याचे जे कलम, त्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये ‘घोर’ हा शब्द कुठेही नाही, तरी तो तिथे आहे असे समजूनच कलम वाचावे, असे जेकब मॅथ्यू निकाल सांगतो.

दुसरा फरक पुराव्याचा आहे. फौजदारी खटल्यात दोष वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. भरपाईच्या दाव्यात कोणाची बाजू अधिक संभाव्य आहे एवढे पाहिले जाते. त्यामुळे समितीने घोर निष्काळजीपणा नाही असे म्हटले, याचा अर्थ निष्काळजीपणा नव्हता असा होत नाही. शिक्षेसाठी लागणाऱ्या पातळीपर्यंत तो पोहोचला नाही, इतकाच त्याचा अर्थ. घरी आल्यावर हे मी आईला सांगितले तेव्हा तिला पहिल्यांदा थोडे बरे वाटले.

वकीलबाईंनी वाचायला दिलेल्या निकालांपैकी दोन आपल्याच भागातले होते. पहिला लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले. १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचे हाड मोडलेल्या तरुणाला पुण्यात उपचारासाठी आणले होते आणि तिथे तो दगावला. रुग्ण स्वीकारायचा की नाही, कोणता उपचार द्यायचा आणि तो कसा द्यायचा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने काळजी घेतली पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले. दुसरा निकाल वाचताना मात्र मी थांबत थांबत वाचले. १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर नसबंदीची शस्त्रक्रिया झालेल्या एका स्त्रीच्या पोटात टॉवेल राहिला आणि त्यातून तिचा मृत्यू झाला. तिच्या कुटुंबाचा भरपाईचा दावा उच्च न्यायालयात फेटाळला गेला आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा मान्य केला. हा अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाचा निकाल आहे. पोटात टॉवेल राहणे हीच गोष्ट निष्काळजीपणा दाखवते, घटनाच स्वतः बोलते, असे तिथे धरले गेले. निष्काळजीपणा घोर होता का, हा प्रश्न त्या कुटुंबाला भरपाईसाठी सोडवावा लागला नाही.

तक्रार आम्ही नोव्हेंबर २०२२ मध्ये जिल्हा आयोगात दाखल केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आमच्या बाबतीत मॉप सापडला जानेवारी २०२२ मध्ये, पण मुदत पहिल्या ऑपरेशनपासूनच मोजली जाईल असे धरून चालावे, म्हणजे वाद उरत नाही, असा वकीलबाईंचा सल्ला होता. पोलिसांच्या अहवालाची वाट पाहण्यात ही मुदत निघून जाऊ शकते, म्हणून दोन्ही कामे बरोबरीने चालवावीत हे मी आग्रहाने सांगेन. आरोग्यसेवा या कायद्यात येत नाही असे काही जण अजूनही सांगतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, आणि नव्या कायद्यातही ती येते हे २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट झाले आहे.

शुल्काबाबत आम्ही घाबरलो होतो, कारण १५ लाखांची मागणी केली होती. प्रत्यक्षात आयोगाचे शुल्क मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते, आणि ती ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य असते. पहिल्या रुग्णालयाचे बिल लाखाच्या आत होते, त्यामुळे आम्हाला काही भरावे लागले नाही. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. वकिलांची फी ४० हजार रुपये होती आणि ती त्यांनी तीन टप्प्यांत घेतली. याशिवाय नोटरी, झेरॉक्स आणि प्रवासाचा खर्च झाला. आईला प्रत्येक तारखेला नेणे शक्य नसल्याने तिने मला अधिकारपत्र दिले होते. कागदांचे संच करताना आयोगाची प्रत, आपली प्रत आणि प्रत्येक सामनेवाल्यासाठी, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्यासाठी, एक प्रत असा हिशेब करावा, प्रत्येक पानावर क्रमांक घालावा आणि सुरुवातीला अनुक्रमणिका लावावी. आमचा पहिला संच दाखल करताना आयोगातल्या कारकुनाने ती नीट तपासून घेतली, आणि पुढे युक्तिवादाच्या वेळी पाने सापडण्यात त्याचा फार उपयोग झाला.

समितीचा अहवाल पोलिसांच्या पत्रासोबत मिळाला नव्हता. तो माहितीच्या अधिकारात मागवला. १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज केला आणि महिनाभरात प्रत मिळाली. अहवाल फार मोठा नव्हता. शेवटच्या परिच्छेदात ते परिचित वाक्य होते. पण त्याच्या आधीच्या परिच्छेदात समितीने नोंदवले होते की टाके घालण्यापूर्वीच्या मॉप मोजणीची नोंद केस पेपरमध्ये आढळत नाही आणि रुग्णाच्या पोटातून काढलेली वस्तू शस्त्रक्रियेत वापरला जाणारा मॉप आहे. पोलिसांच्या पत्रात या दोन ओळी आल्या नव्हत्या. ज्यांना असे पत्र येईल त्यांनी निष्कर्षावर न थांबता पूर्ण अहवाल मागवावा.

नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्यांना लेखी जबाब देण्यासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवले आहे. त्यांचा जबाब मुदत संपता संपता आला. डॉक्टरांची व्यावसायिक विमा पॉलिसी असल्याने विमा कंपनीही पक्षकार झाली. जबाबात दोन मुद्दे होते. समितीने डॉक्टरांना निर्दोष ठरवले आहे हा एक, आणि रुग्णाने पुढील तपासण्यांकडे दुर्लक्ष केले हा दुसरा. दुसरा मुद्दा वाचून आईच्या डोळ्यांत पाणी आले, कारण दर पंधरवड्याला एस.टी.ने जाऊन तिने ती तपासणी केली होती. सुदैवाने ओपीडीची प्रत्येक चिठ्ठी ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवत असे. तारखांसह त्या सगळ्या चिठ्ठ्या आम्ही पुराव्याच्या शपथपत्राला जोडल्या आणि तो मुद्दा पुढे कोणी काढला नाही.

२०२३ हे वर्ष बहुतेक वाट पाहण्यात गेले. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा असली तरी आयोगात काही काळ सदस्याचे पद रिक्त होते आणि बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, नाव येऊनही पुढची तारीखच मिळत असे. मध्यस्थीचा प्रस्ताव आला, तेव्हा रुग्णालयाने दुसऱ्या शस्त्रक्रियेचे बिल देण्याची तयारी दाखवली, मात्र चूक मान्य न करण्याच्या अटीवर. आईने विचार करायला एक रात्र घेतली आणि नाही म्हणाली. तो निर्णय तिचाच असायला हवा होता आणि तो तिने घेतला. तोंडी उलटतपासाऐवजी लेखी प्रश्नावली दिली गेली. टाके घालण्यापूर्वी मॉप मोजले होते का, मोजले असल्यास त्याची नोंद कुठे आहे, या प्रश्नाला डॉक्टरांनी उत्तर दिले की मोजणी परिचारिकेने तोंडी सांगितली होती. वेगळ्या तज्ज्ञाची साक्ष आम्ही दिली नाही. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचा पुरावा लागतोच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या व्ही. किशन राव निकालात सांगितले आहे आणि आमच्यासारख्या प्रकरणाला ते लागू होते. निदान किंवा औषधयोजना चुकल्याची तक्रार असेल, तर मात्र तज्ज्ञाच्या मताशिवाय पुढे जाऊ नये असे मला वाटते.

युक्तिवाद २०२४ च्या अखेरीस झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये निकाल आला. आयोगाने लिहिले की समितीने फौजदारी जबाबदारीचा विचार केला होता, आयोगासमोर सेवेतील त्रुटीचा आणि निष्काळजीपणाचा प्रश्न आहे, आणि या प्रश्नावर समितीच्याच नोंदी तक्रारदाराच्या बाजूने जातात. दुसऱ्या शस्त्रक्रियेचे २ लाख १० हजार, शारीरिक व मानसिक त्रासाचे ६ लाख आणि तक्रारीच्या खर्चाचे २५ हजार रुपये मंजूर झाले. शस्त्रक्रियेच्या खर्चावर तक्रार दाखल झाल्यापासून ९ टक्के व्याजही मिळाले. आम्ही दंडात्मक नुकसानभरपाईही मागितली होती आणि तशी ती देण्याचा अधिकार आयोगाला आहे. तिथे मात्र निष्काळजीपणाचा दर्जा पुन्हा पाहिला गेला, आणि जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने धोका पत्करल्याचा पुरावा नाही म्हणून ती नाकारली गेली. मला तो भाग न्याय्य वाटला.

ज्यांची घटना १ जुलै २०२४ नंतरची आहे त्यांना पोलिसांकडे भारतीय न्याय संहिता लागू होईल. हयगयीने मृत्यू घडवण्याचा गुन्हा तिथे कलम १०६ मध्ये आहे. त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत असली तरी वैद्यकीय उपचार करताना तसे घडल्यास नोंदणीकृत डॉक्टरसाठी ती दोन वर्षांपर्यंतच ठेवली आहे. इजा आणि गंभीर इजा कलम १२५ मध्ये येतात.

निकालाची प्रमाणित प्रत लगेच मागून घ्यावी, कारण राज्य आयोगाकडे अपील करण्याची मुदत ४५ दिवसांची असते. भरपाई द्यावी लागणाऱ्या पक्षाला अपिलासाठी आदेशातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आमच्या प्रकरणात अपील झाले नाही. रक्कम मुदतीत मिळाली नाही तर दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे वसुली करता येते, आणि आदेश न पाळणाऱ्याला तुरुंगवासाचीही तरतूद आहे. तशी वेळ आमच्यावर आली नाही. मे महिन्यात विमा कंपनीने आणि रुग्णालयाने आपापल्या हिश्शाची रक्कम आईच्या खात्यात जमा केली. त्यातून मामांची ठेव पुन्हा ठेवली. आयोगाकडे दिलेली मूळ एक्स-रे फिल्म आणि ओपीडीच्या चिठ्ठ्या परत मिळण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तो आम्ही जूनमध्ये केला आणि अपिलाची मुदत संपल्याची खात्री करून कार्यालयाने ते कागद परत दिले.